सोलापूरचा पिन कोड ४१३००१ : कागद-पेन घेऊन एक मोठी संख्या कशी उघडायची

भाच्याचा शाळेचा फॉर्म भरत बसलो होतो. पत्ता लिहून झाला, पिन कोडच्या सहा चौकटी भरल्या, ४ १ ३ ० ० १, आणि सातवीतला हा पोरगा मला विचारतो, "मामा, ही मूळ संख्या आहे काय?" मी म्हटलं थांब, बघू की. फॉर्म राहिला बाजूला आणि रात्री जेवणं झाल्यावरसुद्धा आम्ही दोघं वहीत डोकं घालून बसलो होतो. तेव्हा जे जे केलं ते इथं पायरी-पायरीनं लिहितो, म्हणजे तुम्हाला तुमच्या पिन कोडवर किंवा गाडीच्या नंबरवर किंवा कुठल्याही मोठ्या संख्येवर तसंच करून बघता येईल.

आधी ही संख्या येते कुठून ते थोडक्यात. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसानं, ते संस्कृतचे मोठे पंडितही होते. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा, पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक म्हणजे ते ठरावीक पोस्ट ऑफिस. म्हणजे कुणी गणित बघून हा नंबर दिलेला नाही, तो टपालाच्या सोयीनं पडलेला आहे, आणि तरीही आत एवढं काही निघालं याचंच मला लई अप्रूप वाटतं.

तयारी काय लागते? चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. मोबाईलचा कॅल्क्युलेटर शेवटी ताळा करायला ठेवा, आधी नको. पाढे १० पर्यंत पक्के असले तरी पुरे.

पायरी १ : अंकांची बेरीज करा

४+१+३+०+०+१ = ९. बेरीज ९ आली म्हणजे संख्येला ९ नं पूर्ण भाग जातो, हे शाळेत सगळ्यांना सांगतात पण का ते फार कमी ठिकाणी सांगतात. १० म्हणजे ९ अधिक १, १०० म्हणजे ९९ अधिक १, १००० म्हणजे ९९९ अधिक १, असं प्रत्येक स्थानाला ९ चा भाग काढून टाकला की मागं एकच उरतो, म्हणून ४ लाखातून ४ उरतात, १० हजारातून १, ३ हजारातून ३, आणि शेवटी अंकांची नुसती बेरीज हातात राहते. त्या बेरजेला ९ नं भाग गेला तर सगळ्या संख्येला गेला.

म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच पायरीला मिळालं, ४१३००१ मूळ संख्या नाही. ४१३००१ ÷ ९ = ४५८८९.

इथंच अजून एक गोष्ट हाताला लागली. जिच्या अंकांच्या बेरजेनं तिलाच पूर्ण भाग जातो अशा संख्येला 'हर्षद' संख्या म्हणतात, हर्ष देणारी, आणि हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५ चा, डहाणूचा, आणि आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही, वही आणि पेन्सिल एवढंच भांडवल, आणि आज जगभर संख्यांच्या अभ्यासात त्यांचं नाव घेतलं जातं. आपल्या ४१३००१ ची बेरीज ९ आणि ९ नं भाग जातो, म्हणजे सोलापूर हर्षद! लगेच ४१३००२ पासून ४१३००६ पर्यंत पण बघून घेतलं, त्यात फक्त ४१३००४ हर्षद निघाला (बेरीज १२, आणि १२ × ३४४१७ = ४१३००४). बाकीचे नाहीत.

पायरी २ : तीन-तीन अंकांचे गट पाडा

आता ४५८८९ फोडायचाय, पण त्याआधी मूळच्या सहा अंकी संख्येवर एक हातचलाखी करून घ्या, त्यात लई वेळ वाचतो. ७ × ११ × १३ = १००१. त्यामुळं सहा अंकी संख्येचे तीन-तीनचे दोन गट पाडून वजाबाकी केली की ७, ११ आणि १३ तिन्हींची तपासणी एका दमात होते. आपले गट ४१३ आणि ००१. वजाबाकी ४१२. आता ४१२ ला ७ नं भागा, बाकी ६. ११ नं, बाकी ५. १३ नं, बाकी ९. तिन्ही बाद.

तसंच ९९९ = २७ × ३७, म्हणून गटांची बेरीज केली की २७ आणि ३७ चा निकाल लागतो. ४१३ + १ = ४१४. ३७ × ११ = ४०७, बाकी ७, नाही. २७ × १५ = ४०५, बाकी ९, म्हणजे २७ नंही नाही. हे २७ चं कळणं महत्त्वाचं आहे, कारण त्याचा अर्थ ४५८८९ मध्ये आता ३ शिल्लक नाही. २ आणि ५ तर शेवटचा अंक बघूनच बाद.

पायरी ३ : ४५८८९ फोडा, आणि कुठपर्यंत जायचं ते आधी ठरवा

खरी मेहनत इथं आहे, आणि माझी चूकही इथंच झाली. मी १७, १९, २३ असं करत ९७ पर्यंत भागून बघितलं, कशानंच भाग जाईना, आणि शंभर आले म्हणजे झालं अशा समजुतीनं भाच्याला सांगून टाकलं की ४५८८९ ही मूळ संख्या आहे. तो म्हणाला, "पण मामा, शंभरपर्यंतच का?" बरोबर विचारलं त्यानं.

नियम असा आहे. एखादी संख्या दोन अवयवांत फुटत असेल तर त्यातला एक तरी तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसतो, कारण दोन्ही मोठे असले तर गुणाकार संख्येच्या पुढं जाईल. म्हणून तपासायचं वर्गमुळापर्यंत, त्याच्या आधी थांबायचं नाही आणि पुढं जायची गरज नाही. २१४ चा वर्ग ४५७९६ आणि २१५ चा ४६२२५, म्हणजे ४५८८९ साठी २१४ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या बघायला पाहिजेत, शेवटची २११. मी ९७ वर थांबलो होतो म्हणजे निम्म्या वाटेवरच थांबलो होतो. आणि फक्त मूळ संख्यांनीच भागायचं, ४९ किंवा ९१ नं भागत बसायचं नाही, कारण ७ नं भाग जात नसेल तर त्यांनीही जाणार नाही.

आता भागायचं कसं? लांबलचक भागाकार मांडत बसलात तर दहाव्या संख्येला कंटाळा येतो. त्यापेक्षा शेवटचा अंक मारायची युक्ती वापरा. समजा १७ नं तपासायचंय. ४५८८९ च्या शेवटी ९ आहे, तर १७ चा असा पट शोधा ज्याच्या शेवटी ९ येतो, १७ × ७ = ११९. वजा करा, ४५७७०. शेवटचं शून्य उडवा, ४५७७. (१७ चा आणि १० चा काही संबंध नाही म्हणून शून्य उडवल्यानं निकाल बदलत नाही.) परत शेवटी ७ आहे, १७ × १ वजा करा, ४५६०, शून्य उडवा, ४५६. परत, १७ × ८ = १३६ वजा, ३२०, म्हणजे ३२. ३२ ला १७ नं भाग जात नाही, म्हणजे ४५८८९ ला पण जात नाही. लिहायला वेळ लागला पण वहीत हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि गंमत म्हणजे भागाकार कुठंच करावा लागत नाही, एक ते नऊपर्यंतचा पाढा आणि वजाबाकी बस.

असं १९, २३, २९, ३१, ४१, ४३, ४७ करत चला. प्रत्येकाची एक ओळ लिहा आणि पुढं फुली मारा. आमच्या वहीत फुल्यांची नुसती रांग लागली होती, ५३ फुली, ५९ फुली, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७, सगळ्यांना फुली. १०१ ला पण फुली. १०३ फुली. १०७ ला शेवटी ४३ उरले, फुली. पोरगा जांभया द्यायला लागला होता.

मग १०९ घेतला. ४५८८९ वजा १०९, ४५७८०. शून्य उडवलं, ४५७८. शेवटी ८ पाहिजे, १०९ × २ = २१८, वजा केले, ४३६०. शून्य उडवलं, ४३६. आणि ४३६ म्हणजे १०९ × ४! फुटली! मी एवढ्या जोरात ओरडलो की आतून आईनं विचारलं काय झालं म्हणून. १७ पासून मोजलं तर एकवीस फुल्यांनंतर बाविसाव्या प्रयत्नाला दार उघडलं.

आणि आता या युक्तीतला सगळ्यात गोड भाग बघा, आपण १०९ चे जे पट वजा केले ते होते १, मग २, मग ४. हेच अंक उलटे वाचा, ४२१. तोच भागाकार! कारण पहिल्यांदा १ पट काढला, मग शून्य उडवल्यावर काढलेले २ म्हणजे खरे २० पट, आणि शेवटचे ४ म्हणजे ४०० पट. १०९ × ४२१ = ४५८८९.

४२१ मूळ आहे का ते बघायला २० पर्यंतच जायचं, कारण २१ चा वर्ग ४४१. ७ नं भागलं तर १ उरतो, ११ नं ३, १३ नं ५, १७ नं १३, १९ नं ३. मूळ आहे. १०९ साठी ७ पर्यंतच बघा, तीही मूळ. म्हणजे सगळं मिळून

४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१

ही ओळ वहीत चौकट करून लिहून ठेवा, इथून पुढचं जवळपास सगळं हिच्यातून निघतं. कशानंच उघडत नसलेली संख्या एकदा अशी फोडली की मग ती तुमच्याशी बोलायला लागते, निदान मला तरी तसं वाटतं.

आपण सहा अंकांसाठी एवढा घाम गाळला. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी याच अवघडपणावर आरएसए नावाची गुप्तलेखनाची पद्धत उभी केली, दोन मोठ्या मूळ संख्या गुणणं सोपं पण गुणाकारावरून त्या परत शोधणं महाकठीण. २०२० च्या फेब्रुवारीत संशोधकांनी २५० अंकी एक अशी संख्या फोडून दाखवली, ती पण ढिगानं कॉम्प्युटर जोडून.

पायरी ४ : विभाजक मोजा

हे पटकन होतं. ३ दोनदा आहे, म्हणजे ३ शून्य वेळा, एकदा किंवा दोनदा घेता येतो, तीन पर्याय. १०९ घ्या किंवा सोडा, दोन पर्याय. ४२१ चे पण दोन. ३ × २ × २ = १२ विभाजक. यादी : १, ३, ९, १०९, ३२७, ४२१, ९८१, १२६३, ३७८९, ४५८८९, १३७६६७ आणि स्वतः ४१३००१.

सगळ्यांची बेरीज करायला पण शॉर्टकट आहे, (१+३+९) × (१+१०९) × (१+४२१) = १३ × ११० × ४२२ = ६०३४६०. त्यातून स्वतःला काढलं तर १९०४५९ उरतात, जे ४१३००१ पेक्षा पुष्कळ कमी आहेत, म्हणून ही 'न्यून' संख्या. बरोबर तेवढीच बेरीज आली असती तर ती ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण संख्या झाली असती.

अजून एक, १ सोडून जेवढे विषम विभाजक तेवढ्या प्रकारे संख्या लागोपाठच्या संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते. आपले बाराच्या बारा विषम, म्हणजे ११ प्रकार. २०६५००+२०६५०१ हा एक. १३७६६६+१३७६६७+१३७६६८ हा दुसरा. ४५८८५ पासून ४५८९३ पर्यंतच्या नऊ संख्या हा अजून एक, मधोमध आपला ४५८८९ बसलाय बघा. उरलेले आठ पोरांना शोधायला द्या, सुट्टीची दुपार निघून जाते.

पायरी ५ : कुणाशी नातं नाही ते मोजा

१ पासून ४१३००१ पर्यंत अशा किती संख्या आहेत ज्यांचा ४१३००१ शी १ सोडून एकही अवयव सामाईक नाही? एकेक तपासायला गेलो तर जन्म जाईल. पण चाळणी लावा, डाळ चाळतो तशी एकामागून एक. पहिल्या चाळणीत ३ चे पट जातात, म्हणजे तिसरा हिस्सा गेला, उरले २७५३३४. दुसरीत १०९ चे पट, उरलेल्यांचा १०९ वा भाग म्हणजे २५२६ गेले, राहिले २७२८०८. तिसरीत ४२१ चे पट, ६४८ गेले, राहिले २७२१६०. हे उत्तर. याला ऑयलर या गणितज्ञाच्या नावावरून ऑयलरचं फलन म्हणतात आणि मगाशी सांगितलेल्या आरएसए मध्ये हीच मोजणी आत काम करते, ज्याला अवयव माहीत त्याला ही तीन ओळींत येते आणि ज्याला माहीत नाहीत तो बाहेरच राहतो.

पायरी ६ : दोन चौरस अंगणं

मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हा. समजा तुमच्याकडं ४१३००१ चौकोनी फरश्या आहेत, सगळ्या एकाच मापाच्या. त्या सगळ्या वापरून, एकही न उरवता, बरोबर दोन चौरस अंगणं घालता येतील का?

आधी हे आठवा की कुठलीही विषम मूळ संख्या ४ नं भागली तर बाकी १ किंवा ३ उरते. बाकी १ उरली तर ती दोन वर्गांची बेरीज होतेच होते, आणि एकाच प्रकारे होते. बाकी ३ उरली तर कधीच होत नाही. हे फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं सतराव्या शतकात सांगितलं आणि नंतर ऑयलरनं सिद्ध केलं. संयुक्त संख्येत बाकी ३ वाल्या मूळ संख्या असल्या तर त्या जोडीनं असायला पाहिजेत, नाहीतर जमत नाही.

आपल्याकडं बघा. ३ ची बाकी ३, पण तो दोनदा आलाय, जोडी आहे, चालेल. १०९ = ४ × २७ + १. ४२१ = ४ × १०५ + १. दोन्ही चांगल्या घरचे.

आता शोधा. १०९ मधून १०० काढले तर ९ उरतात, म्हणजे १०² + ३². ४२१ मधून मोठ्या वर्गापासून खाली या, ४०० काढले २१ उरले नाही, ३६१ काढले ६० नाही, ३२४ ला ९७ नाही, २८९ ला १३२ नाही, २५६ ला १६५ नाही, २२५ काढले १९६ उरले, आणि १९६ म्हणजे १४²! म्हणून ४२१ = १५² + १४².

दोघांना जोडायचं कसं, हे ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्येच सांगून ठेवलंय, दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेनं गुणलं तर परत दोन वर्गांचीच बेरीज येते. १०, ३ एका ओळीत लिहा, खाली १५, १४. उभे गुणाकार १५० आणि ४२, तिरके गुणाकार १४० आणि ४५. आता उभ्यांची बेरीज आणि तिरक्यांची वजाबाकी घ्या, १९२ आणि ९५. किंवा उलटं करा, उभ्यांची वजाबाकी आणि तिरक्यांची बेरीज, १०८ आणि १८५. दोन्ही बरोबर आहेत, ४५८८९ = १९२² + ९५² = १०८² + १८५². राहिला ९, तो ३ चा वर्ग आहे, म्हणून सगळ्यांना ३ नं गुणून टाका :

४१३००१ = ५७६² + २८५²
४१३००१ = ५५५² + ३२४²

ताळा करा, इथं कॅल्क्युलेटर घ्यायला हरकत नाही. ३३१७७६ + ८१२२५ = ४१३००१. ३०८०२५ + १०४९७६ = ४१३००१. म्हणजे अंगणं घालता येतात, एवढंच नाही तर दोन वेगवेगळ्या मापांनी घालता येतात, आणि तिसरं माप नाही, नेमकी दोनच. भाच्यानं हे वहीच्या मधल्या पानावर रंगीत पेननं लिहिलं. ५५५ बघून तो लई खूश झाला.

पायरी ७ : कापरेकर मास्तरांची वजाबाकी

हे करायला अवयव लागत नाहीत, त्यामुळं घरातली लहान पोरं पण बसू शकतात. संख्येचे अंक उतरत्या क्रमानं लिहा, खाली चढत्या क्रमानं, वजा करा. जे उत्तर येईल त्यावर परत तेच. चार अंकी संख्येवर केलं (चारही अंक सारखे नसले पाहिजेत) तर जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतो आणि तिथंच अडकतो, हा कापरेकरांचा जगप्रसिद्ध स्थिरांक, १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला होता. सहा अंकांत एकच उत्तर नाही, तीन वाटा आहेत. काही संख्या ५४९९४५ वर जाऊन थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि काही एका सात संख्यांच्या फेऱ्यात सापडतात. आपली कुठं जाते ते बघा.

४३११०० − ००११३४ = ४२९९६६
९९६६४२ − २४६६९९ = ७४९९४३
९९७४४३ − ३४४७९९ = ६५२६४४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६
८७६४२० − ०२४६७८ = ८५१७४२
८७५४२१ − १२४५७८ = ७५०८४३
८७५४३० − ०३४५७८ = ८४०८५२
८८५४२० − ०२४५८८ = ८६०८३२
८८६३२० − ०२३६८८ = ८६२६३२
८६६३२२ − २२३६६८ = ६४२६५४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६

४२०८७६ परत आला! म्हणजे फेरा सुरू झाला, आता कितीही वेळा करा, त्याच सात संख्या फिरत राहणार. एक सांभाळा, शून्य आलं की ते सोडायचं नाही, सहा अंक सहाच ठेवायचे, आमची पहिल्यांदा तिथंच गडबड झाली होती. आणि प्रत्येक उत्तराला ९ नं भाग जातो, तर मध्ये कुठं चुकलात का ते अंकांच्या बेरजेवरून तपासता येतं.

कापरेकरांचाच अजून एक खेळ आहे. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवीन संख्या तयार होते. ज्या संख्या अशा कुठूनच तयार होत नाहीत त्यांना त्यांनी स्वयंभू म्हटलं, देवळाली संख्या असंही नाव आहे. १, ३, ५, ७, ९, २०, ३१ या पहिल्या काही. आपली ४१३००१ स्वयंभू आहे का? संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज या दोन्हीला ९ नं भागलं तर बाकी सारखीच राहते, आणि ४१३००१ ला ९ नं पूर्ण भाग जातो, यावरून निघतं की मिळवलेली बेरीज ९ चा पट असली पाहिजे. सहा अंकांत ती ५४ च्या वर जाऊ शकत नाही. म्हणून सहाच संख्या तपासायच्या, ४१३००१ मधून ९, १८, २७, ३६, ४५, ५४ वजा करून. सहाही वेळा अंकांची बेरीज २७ च येते, त्यामुळं जिथं २७ वजा केले तीच जमते, ४१२९७४. ४+१+२+९+७+४ = २७, आणि ४१२९७४ + २७ = ४१३००१. म्हणजे स्वयंभू नाही, तिला एक आणि एकच जनक आहे.

पायरी ८ : भोक आहे की नाही

ज्यांच्या घरात माग आहे किंवा होता त्यांना ही पायरी लगेच कळेल. जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) कार्डावर नक्षी असते ती भोकांची, भोक आहे किंवा नाही, तिसरं काही नाही, आणि सोलापुरी चादरीवरची ती फुलं आणि मोर त्यातूनच उमटतात. संख्या पण तशी लिहिता येते, १ म्हणजे भोक आणि ० म्हणजे कोरं. संख्येला सारखं २ नं भागत जा आणि बाक्या लिहीत जा, शेवटी बाक्या खालून वर वाचा. २०६५०० बाकी १, १०३२५० बाकी ०, ५१६२५ बाकी ०, २५८१२ बाकी १, असं करत एकोणीस वेळा. येतं ते हे :

११००१००११०१०१००१००१

यातले १ मोजा. नऊ आहेत. दशमानात अंकांची बेरीज ९ आणि इथंही ९, हा निव्वळ योगायोग आहे, पण त्यामुळं ४१३००१ दोन्ही लिखाणांत हर्षद ठरते.

आता तुमचा नंबर

सराव म्हणून पंढरपूरचा ४१३३०४ घ्या. शेवटचे तीन अंक ३०४ म्हणजे ८ × ३८, म्हणून ८ नं भाग जातो, उरतात ५१६६३. अंकांची बेरीज २१, म्हणून ३ नं भागा, १७२२१. परत बेरीज १३, म्हणजे ३ संपला. गटांची वजाबाकी ४१३ − ३०४ = १०९, आपला ओळखीचाच निघाला, त्यामुळं ७, ११, १३ बाद. आता १७ वर शेवटचा अंक मारा, १७२२१ − ५१ = १७१७०, शून्य उडवा, १७१७, आणि हे तर डोळ्यांनाच दिसतं, १७ × १०१. म्हणून १७२२१ = १७ × १०१३, आणि १०१३ ला ३१ पर्यंत कशानंच भाग जात नाही.

४१३३०४ = ८ × ३ × १७ × १०१३. एवढ्या फरश्यांची दोन अंगणं होतील का? ८ चं जमतं, ४ + ४. १७ चं जमतं, १६ + १. १०१३ चं तर फार सुंदर जमतं, २२² + २३². पण मध्ये ३ आहे आणि त्याला जोडी नाही, त्यामुळं ४१३३०४ फरश्या घेऊन कितीही फिरवाफिरवी केली तरी दोन चौरस होत नाहीत.